हवा भरायच्या मशीनचे १,८४९ आणि ‘रिफंड’चे ५८,४५८ रुपये

एकूण ६०,३०७ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण ज्यांना ज्यांना हे कळलं त्यांचा पहिला प्रश्न तोच होता. दुसरा प्रश्नही ठरलेला: “अहो, तुम्ही तर पतसंस्थेत काम करता ना?” हो, करते. ओटीपी कुणाला देऊ नका, हे काउंटरवर बसून सभासदांना मीच सांगते. आणि मी ओटीपी कुणालाही दिलेला नाही. ज्या बँकेतून माझे पैसे गेले तिथे हे सांगितलं, पोलीस ठाण्यात सांगितलं, घरात सासूबाईंना सांगितलं. कुणाच्याच चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही, म्हणून इथे सगळं लिहिते आहे.

सुरुवात झाली टायरमध्ये हवा भरायच्या बिनवायरच्या मशीनपासून. वडिलांच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी मला साताऱ्याकडून पुण्याला गाडी घेऊन जावं लागतं. महामार्गावर हवा भरायला थांबलं की पोरगा साबणाचं पाणी मारतो आणि एकाच टायरला चार-चार पंक्चर दाखवतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. सोबत म्हातारा माणूस आणि रात्रीची वेळ असली की बाईमाणूस वाद घालत बसत नाही, पैसे देऊन निघते. आपलंच मशीन गाडीत असलं की ही कटकट मिटेल, स्कूटरलाही उपयोग होईल, एवढाच माझा विचार होता. यात हावरटपणा कुठे आहे ते मला कुणीतरी सांगा.

फोनवर व्हिडिओ बघताना मध्येच जाहिरात आली. हातात मावणारं राखाडी मशीन, मिनिटात भरलेलं टायर, ४,९९९ वर काट मारून १,८४९, पार्सल हातात आल्यावर पैसे. आगाऊ भरले तर १,६९९. मी मुद्दाम आगाऊ भरले नाहीत, म्हणजे तेवढी काळजी मी घेतली होती. पण पार्सल आधी उघडून बघू देत नाहीत. कुरिअरवाला पैसे घेतो, जिना उतरतो, आणि नंतर आपण कात्री शोधतो. पार्सल हातात आल्यावर पैसे म्हणजे माल बघून पैसे, हा समज डोक्यातून काढा.

खोक्यावर १५० पीएसआय (हवेचा दाब) आणि १२,००० एमएएच (बॅटरीची क्षमता) लिहिलं होतं. आयातदाराचं नाव नव्हतं, कुठल्या देशात बनलं ते नव्हतं, एमआरपी नव्हती, महिना-वर्ष नव्हतं, तक्रारीसाठी पत्ता नव्हता. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे, २०११ च्या वजनमाप नियमांत आहे. असं कोरं खोकं घरात आलं की त्याच क्षणी कुरिअरच्या लेबलासकट फोटो काढा आणि ते लेबल फेकू नका. पाठवणाऱ्याचा जो काही पत्ता असतो तो फक्त त्या चिठ्ठीवर असतो.

मशीन चालू केलं. घरघर मोठी. माझ्या गाडीच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय, म्हणून ३३ लावलं. आकडा चढत गेला, ३३ ला मशीन आपोआप बंद झालं. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर हवा तपासली तर २१. परत घरी भरलं, पुन्हा पडद्यावर ३३, आणि गाडी तशीच बसलेली. चौथ्या टायरला पोचायच्या आत चार्जिंग संपलं. आमच्याकडे मोबाइल दुरुस्त करणारा ओळखीचा मुलगा आहे, त्याने उघडलं. आत तीन सेलची जागा होती. एका सेलला तारा जोडलेल्या होत्या, बाकीचे दोन नुसते बसवलेले. त्यातला एक त्याने कापला तर आत वाळू निघाली. वजन भरावं म्हणून घातलेली.

त्याच्याकडूनच मला कळलं की या मशीनमध्ये जो जाडसर सेल वापरतात त्यात चांगल्यात चांगला घेतला तरी साधारण ३,५०० एमएएचच्या वर मावत नाही. म्हणजे तीन खरे सेल असते तरी १२,००० हे छापलेलं खोटंच होतं. आणि १५० पीएसआय हा आकडाही फसवा. गाडीला ३० ते ३५ लागतात. मशीन मिनिटाला किती लिटर हवा ढकलतं आणि गरम न होता किती मिनिटं सलग चालतं हे बघायचं असतं, आणि नेमकं तेच जाहिरातीत कुठे नसतं. ज्यांना मशीन घ्यायचंच आहे त्यांनी दुकानात जाऊन, स्वतःच्या गाडीचं टायर भरून, वेगळ्या साध्या गेजने मोजून मगच पैसे द्यावेत. गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारं वायरचं मशीन मिळतं, त्यात बॅटरीचा खोटेपणा करायला जागाच नाही. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी तेच घेतलं असतं.

इथवर १,८४९ रुपये गेले होते. तिथे गप्प बसले असते तर एवढ्यावर भागलं असतं, असं घरातले म्हणतात. पण मी का गप्प बसू? माझे कष्टाचे पैसे होते. मी त्या विक्रेत्याच्या साइटवर जाऊन तक्रारीचा फॉर्म भरला: नाव, मोबाइल नंबर, ऑर्डर नंबर, काय बिघडलं ते. माझं आता ठाम मत झालंय की ती साइट मशीन विकायला उघडलेलीच नव्हती, तो फॉर्म भरून घ्यायला उघडली होती. जो चिडून तक्रार करतो त्याला पैसे परत हवे असतात, आणि पैसे परत हवे असलेला माणूस फोन उचलतो.

फोन आलाच. स्वच्छ मराठीत, आमच्याच भागातला मुलगा वाटावा अशा बोलीत. “ताई, आमच्याकडून तुम्हाला त्रास झाला, माफ करा.” ऑर्डर नंबर त्याला माहीत, १,८४९ माहीत, मशीन राखाडी हे माहीत, आणि आत वाळू निघाली हेही माहीत, कारण मीच फॉर्ममध्ये लिहिलं होतं. एवढं सगळं माहीत असलेला माणूस कंपनीचाच असणार, दुसरा कोण असेल? त्याने एकदाही ओटीपी मागितला नाही. उलट म्हणाला, “ताई, ओटीपी कुणाला सांगू नका हं, मलासुद्धा नाही.” हे ऐकल्यावर माझी उरलीसुरली शंका गेली. रोज जे वाक्य मी सभासदांना सांगते तेच तो मला सांगत होता.

त्याने व्हॉट्सॲपवर रिफंडचा फॉर्म पाठवला. ती एपीके फाइल होती, म्हणजे उघडली की फोनमध्ये थेट ॲप बसवणारी. फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणाहून ॲप घेताय, चालेल का. मी हो म्हटलं. मग ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली.

या क्षणापाशी मी रात्र रात्र अडकून पडते. हवा भरायच्या मशीनचे पैसे परत द्यायला माझे मेसेज वाचायची गरज काय? हा प्रश्न मला त्या सेकंदाला पडायला हवा होता. स्क्रीनवर दोन बटणं होती, परवानगी द्या आणि नाकारा. तो फोनवर बोलत होता, “ताई, हिरवं दाबा, पुढचं पान येईल,” समोर काउंटरवर माणसं पासबुकं घेऊन उभी होती, आणि मी दाबलं. पण माझं म्हणणं हेही आहे की आज किराणा मागवायच्या ॲपपासून मुलांच्या शाळेच्या ॲपपर्यंत प्रत्येक जण मेसेज, कॅमेरा, संपर्क, सगळ्याची परवानगी मागतो आणि आपण देतो. वर्षानुवर्षं ही सवय कंपन्यांनीच लावली, आणि तीच सवय चोराच्या कामी आली की सगळा दोष ग्राहकाचा?

पुढच्या पानावर नोंदणीसाठी दहा रुपये भरायचे होते. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे टाकले. ऑनलाइन काहीही भरताना हेच टाकतो. दहा रुपये गेले. फोन ठेवल्यावर काही वेळाने स्टेटमेंट बघितलं तर २४,९९९, परत २४,९९९, मग ८,४५०. ओटीपीचा एकही मेसेज मला दिसला नव्हता. ते ॲप मेसेज आल्या आल्या तिकडे पाठवून माझ्या फोनवरून पुसत होतं.

त्याच बैठकीत मी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. हे मात्र तुम्ही लक्षात ठेवा: पैसे गेले की आधी १९३०, मग बँक, रडणं नंतर. फोन एरोप्लेन मोडवर टाका आणि १९३० साठी दुसऱ्याचा फोन वापरा, नाहीतर ते ॲप काम करतच राहतं. लवकर तक्रार केल्यामुळेच शेवटचे ८,४५० समोरच्या खात्यात अडवले गेले.

अडवले गेले, परत मिळाले नाहीत. समोरची बँक म्हणते न्यायालयाचा आदेश आणा. न्यायालयात अर्ज केला की पोलिसांचा अहवाल लागतो. अहवाल देणारे साहेब बंदोबस्ताला. बंदोबस्त संपला की रजेवर. ८,४५० रुपयांसाठी वकिलाला काय द्यायचं आणि कामावरच्या किती रजा घालवायच्या याचा हिशेब मी करून पाहिला, तो जुळत नाही. आणि तो जुळत नाही हे चोरालाही माहीत असतं.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेले तेव्हा अंमलदारांनी मशीनचं ऐकलं आणि म्हणाले, “मॅडम, दोन हजारांच्या पंपासाठी गुन्हा नोंदवायचा का आम्ही?” पंप वेगळा, तो ग्राहक मंचात न्या, पैशाचं वेगळं, ते जिल्ह्याच्या सायबरला न्या. मी सांगत होते की दोन्ही एकाच टोळीचं काम आहे, तक्रारीचा फॉर्म भरल्यावरच फोन आला. कुणी लिहूनच घेईना. बँकेचा शिक्क्याचा उतारा आणा म्हणाले. बँक म्हणाली आधी पोलिसांचं पत्र आणा. शेवटी साध्या अर्जावर पोच दिली आणि म्हणाले, “झालं तुमचं काम.” पोच म्हणजे गुन्हा नोंदवला असं होत नाही. फसवून पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) चा, दखलपात्र म्हणजे पोलिसांनी नोंदवायलाच हवा असा गुन्हा आहे, तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड आहे, आणि हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. हे मी घरी येऊन वाचलं. तुम्ही जायच्या आधी वाचून जा, आणि एकट्या जाऊ नका. आणि हो, “एवढ्या शिकलेल्या असून?” हे वाक्य मी त्या ठाण्यात तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. ज्याने लुटलं त्याच्याबद्दल एकही प्रश्न कुणी विचारला नाही.

बँकेचं तर त्याहून वाईट. व्यवस्थापकांनी संगणकाकडे बघत सांगितलं, “ओटीपी बरोबर टाकलाय, व्यवहार यशस्वी आहे, तुमचीच चूक.” रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. त्यात स्पष्ट आहे की ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं आणि दोष बँकेचाही नाही, ग्राहकाचाही नाही, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती रक्कम खात्यात जमा करायची असते. ते म्हणाले, “नियम आम्हाला नका शिकवू.” नकार लेखी द्या म्हटलं तर लेखी देईनात. लेखी मागत राहा. ईमेलवर तक्रार करा, म्हणजे तारीख राहते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. मी केली आहे.

मशीनच्या १,८४९ साठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी साइटवरून घरबसल्या तक्रार दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, म्हणून लेबल जपा असं वर म्हटलं. माझ्या लेबलावर एका गोदामाचा पत्ता आहे. त्या नावावर मी तक्रार टाकली आहे आणि मागे घेणार नाही.

कुणी म्हणेल मशीनचं आणि कार्डाचं एकत्र का लिहिलं. एकत्र लिहिलं कारण ते एकत्रच आहे. स्वस्त मशीन घेऊन फसलेले पुष्कळ जण १,८००-१,९०० रुपये सोडून देतात. जे सोडत नाहीत, भांडतात, हक्क मागतात, त्यांच्यासाठी हा दुसरा सापळा आहे. रिफंड ज्या मार्गाने पैसे गेले त्याच मार्गाने किंवा खात्यात जमा होतो. त्याला ॲप लागत नाही, दहा रुपये लागत नाहीत, पिन लागत नाही. रोख दिले असतील तर खाते नंबर आणि आयएफएससी एवढंच पुरतं. त्यापलीकडे एक अक्षर कुणी मागितलं की फोन बंद.

तुमच्याकडे असंच राखाडी, बिननावाचं मशीन आलं असेल आणि तुम्ही त्या साइटवर तक्रारीचा फॉर्म भरला असेल, तर तुमचा नंबर त्यांच्याकडे आहे. फोन येईल तेव्हा तोही तुम्हाला ताई किंवा दादाच म्हणेल. तुम्ही १९३० वर आपली वेगळी तक्रार नोंदवा, रक्कम कितीही लहान असो, आणि गोदामाचा पत्ता त्यात लिहा. एकाच पत्त्यावर दहा तक्रारी जमल्या तर “दोन हजारांचा पंप” म्हणून कुणाला टोलवता येणार नाही.