दोन वर्षांचा शेंगेन व्हिसा : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये मला आणि माझ्या पत्नीला जर्मनीकडून शेंगेन क्षेत्राचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या २९ युरोपीय देशांचा) बहुप्रवेश व्हिसा, म्हणजे सगळे ज्याला ‘मल्टिपल एंट्री’ म्हणतात तो, मिळाला. त्यावर आतापर्यंत आमचे तीन प्रवास झाले असून त्यांपैकी दोन म्युनिकला मुलीकडे आणि एक स्वित्झर्लंडमार्गे इटलीचा होता. व्हिसा हाती येण्यापूर्वी त्याबद्दल जे समजून होतो आणि प्रत्यक्ष वापरताना जे कळले, त्यांत बरेच अंतर असल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो : व्हिसा अत्यंत उपयुक्त आहे, पण अर्ज केंद्रातील खिडकीसमोरची चिंता तो आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर आणून ठेवतो.

आम्हाला तो मिळाला याचे कारण आमची पुण्याई नव्हे, तर नियमातील बदल. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या व भारतातूनच अर्ज करणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत स्वीकारली. मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणे वापरलेले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, आणि पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास त्यानंतरचा पाच वर्षांचा, अशी ही चढण आहे. आमचा पहिला प्रवास २०२२ च्या नोव्हेंबरात एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर झाला होता आणि दुसरा २०२४ च्या उन्हाळ्यात. दोन्ही वेळा मुदतीच्या आत परतलो होतो, त्यामुळे तिसऱ्या अर्जाच्या वेळी आम्ही आपोआप या पायरीवर उभे होतो. तरीही अर्जासोबतच्या पत्रात मागील दोन्ही व्हिशांचे क्रमांक आणि प्रवासाच्या तारखा लिहून बहुप्रवेश व्हिसाची मागणी स्पष्ट शब्दांत केली होती, आणि तसे करावे असेच मी सुचवीन.

अर्जाबद्दल थोडक्यात. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, म्हणजे आमच्या वेळच्या दराने माणशी आठ हजार रुपयांच्या वर, शिवाय केंद्राचे सेवाशुल्क निराळे. नकार आला तरी यातले काही परत मिळत नाही. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पाने कोरी असलेला हवा. बोटांचे ठसे ५९ महिने जपून ठेवले जातात, त्यामुळे २०२२ चे ठसे चालले आणि पुन्हा द्यावे लागले नाहीत. निवृत्तिवेतनाचे कागद, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि बँकेच्या गोल शिक्क्यासह तीन महिन्यांचा खातेउतारा एवढे आम्ही जोडले होते. मुलीने तिच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयातून आमच्या खर्चाची जबाबदारी घेणारे अधिकृत हमीपत्र काढून पाठवले. त्याला तिकडे २९ युरो लागतात.

पहिल्या अर्जाच्या वेळी एका एजंटाच्या सांगण्यावरून आम्ही सातबारा उताराही जोडला होता, भारतात परतण्याचे ‘भक्कम कारण’ म्हणून. खिडकीतल्या मुलीने तो दोन बोटांनी उचलला, उलटसुलट पाहिला, ‘काका, हे मराठीत आहे, भाषांतर कुठे आहे?’ असे विचारले आणि शांतपणे परत दिला. भाषांतराविना व्हिसा मिळाला. एजंटाने त्या एका सल्ल्यासाठी आणि अर्ज भरण्यासाठी जे पैसे घेतले, ते तिसऱ्या वेळी आम्ही वाचवले. नकाराची वेळ आमच्यावर आली नाही. मात्र जर्मनीने वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे, त्यामुळे नव्याने अर्ज करणे किंवा न्यायालयात जाणे एवढेच मार्ग उरतात. कागद पहिल्याच फेरीत नीट लावावेत ते यासाठी.

अकरा दिवसांनी पासपोर्ट घरी आले आणि पहिला धडा तिथेच मिळाला. माझ्या व्हिसावर शेवटची तारीख मार्च २०२७ होती, तर पत्नीच्या व्हिसावर सप्टेंबर २०२६. अर्ज एकत्र, कागद एकच, प्रवासही बरोबरीने झालेले, मग ही तफावत का, यावर घरात अर्धा दिवस चर्चा झाली. अखेर तिचा पासपोर्ट उघडला आणि उत्तर सापडले : तो डिसेंबर २०२६ मध्ये संपत होता. व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जाऊ शकत नाही, आणि परतीनंतर पासपोर्ट तीन महिने चालायला हवा असल्याने तो तीन महिने आधीच थांबवला होता. अर्जापूर्वी पासपोर्ट नवा करून घेतला असता तर तिचे सहा महिने वाया गेले नसते. ज्यांचा पासपोर्ट दोन-अडीच वर्षांत संपणार आहे, त्यांनी आधी तो नवा करावा आणि मगच या व्हिसाच्या मागे लागावे.

आता मुख्य मुद्दा. व्हिसाच्या चिकटपत्रावर दोन गोष्टी निरनिराळ्या छापलेल्या असतात. एक म्हणजे तो कधीपासून कधीपर्यंत वैध आहे, आणि दुसरी म्हणजे मुक्कामाचे दिवस; आमच्या व्हिसावर ते ‘९०’ असे आहेत. पुष्कळ लोक पहिला आकडा वाचून आनंदतात आणि दुसरा वाचतच नाहीत. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ ‘वर्षातून दोनदा नव्वद दिवस’ असा अर्थ लावून बसले होते, तर दुसऱ्यांची समजूत अशी की एकदा बाहेर पडले की गणना पुन्हा शून्यापासून सुरू होते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. नियम असा की मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागील १८० दिवस मोजायचे, त्यात तो दिवसही धरायचा, आणि त्या १८० दिवसांच्या ‘खिडकीत’ शेंगेन क्षेत्रातले दिवस ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत. पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. ही खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते.

हे वाचायला सोपे आहे. त्याचा अर्थ आम्हाला २०२५ च्या श्रावणात कळला. या व्हिसावरच्या पहिल्या प्रवासात आम्ही १० एप्रिलला पोहोचलो आणि १८ जूनला निघालो, म्हणजे ७० दिवस खर्ची पडले. मुलीला दिवस गेले होते आणि बाळंतपण ऑक्टोबरच्या सुरुवातीला अपेक्षित होते. पत्नीचे म्हणणे साधे होते : ६ सप्टेंबरला विसर्जन झाले की पितृपंधरवडा लागायच्या आत निघायचे आणि बाळ दीड-दोन महिन्यांचे झाले की परतायचे. मी कालनिर्णय भिंतीवरून काढून जेवणाच्या टेबलावर पसरले आणि लाल पेन्सिलीने दिवस मोजायला बसलो. ७ सप्टेंबरला पोहोचलो असतो तर हाताशी वीसच दिवस होते, म्हणजे २६ सप्टेंबरला, बाळाच्या जन्माआधीच, परत निघावे लागले असते. कारण जुना पहिला दिवस, १० एप्रिल, खिडकीबाहेर पडायला ७ ऑक्टोबर उजाडणार होता.

पण आणखी थोडे मोजल्यावर एक गंमत लक्षात आली. १६ सप्टेंबरला पोहोचलो तरी वीसच दिवस मिळत होते, आणि १७ सप्टेंबरला पोहोचलो तर पूर्ण नव्वद. एका दिवसाने सत्तर दिवसांचा फरक! कारण १७ तारखेपासूनचे वीस दिवस ६ ऑक्टोबरला संपतात आणि ७ ऑक्टोबरपासून रोज एक नवा दिवस आत येताना एक जुना दिवस बाहेर पडतो, त्यामुळे बेरीज नव्वदवरच राहते. हे गणित मी तीन वेळा तपासले आणि मग युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरील मुक्काम-गणकात तारखा घालून चौथ्यांदा तपासले. पत्नीने शेवटी एवढेच म्हटले, ‘अहो, म्हणजे तुमच्या त्या खिडकीपायी पंधरवडा इथेच काढायचा.’ तसाच काढला. घटस्थापनेला मुंबईहून निघालो, २३ सप्टेंबरला म्युनिकला पोहोचलो, आणि नातू ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाला.

दिवस मोजताना आणखी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या, संपलेल्या व्हिसावरचे दिवसही खिडकीत येत असतील तर तेही मोजले जातात. नवा व्हिसा म्हणजे नवे खाते नव्हे. आणि हे नव्वद दिवस जर्मनीपुरते नसून २९ देशांना मिळून आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहेत, तर आयर्लंड आणि सायप्रस संघात असूनही शेंगेनमध्ये नाहीत. ‘चार दिवस क्रोएशियाला जाऊन या, दिवस वाचतील’ हा सल्ला आम्हाला मिळाला होता, पण क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे.

सीमेवरचा अनुभव तीनही वेळा वेगळा आला. व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, हे वाक्य सगळे वाचतात. त्याचा प्रत्यय काउंटरवर येतो. सप्टेंबरात अधिकाऱ्याने परतीचे तिकीट, मुलीचा पत्ता आणि विमा मागितला. विम्याची मेख इथेच आहे. अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण बहुप्रवेश व्हिसासाठी तो पहिल्या प्रवासापुरता दाखवला तरी चालतो आणि पुढच्या प्रवासांसाठी आपण विमा काढू असे अर्जात सही करून मान्य करतो. ती सही बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आम्ही वार्षिक विमा घेतला होता. तो पुरेल असे विक्रेत्याने ठामपणे सांगितले होते, मात्र बारीक अक्षरांत एका प्रवासाचे कमाल साठ दिवस अशी अट निघाली. दुसऱ्या प्रवासात आमचे ५९ दिवस झाले, ते सुखरूप. पहिल्या प्रवासातले शेवटचे दहा दिवस आम्ही विम्याविना होतो, हे घरी आल्यावर कळले.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आम्ही आत गेलो तेव्हा फक्त शिक्का पडला, आणि २० नोव्हेंबरला बाहेर पडताना चेहऱ्याचे छायाचित्र घेतले गेले. आमच्यासारख्या व्हिसाधारकांचे ठसे व्हिसाच्या नोंदीत आधीच असल्याने ते या नोंदीसाठी पुन्हा घेतले नाहीत. अधिकारी पासपोर्टची पाने मागेपुढे करत शिक्के जुळवत होता, ओठांनी काहीतरी मोजत होता. मी खिशातली चिठ्ठी पुढे केली, ज्यावर ‘आज ८४’ असे लिहून खाली हिशेब मांडला होता. त्याने ती वाचली, पडद्याकडे पाहिले आणि पहिल्यांदाच हसला. फेब्रुवारी २०२६ मध्ये झुरिकला उतरलो तेव्हा चेहरा जुळवून मिनिटभरात सोडले, शिक्काही मारला. आता मोजणी यंत्र करणार, त्यामुळे शिक्का पुसट आहे, दिसला नाही, असल्या सबबींना जागा उरणार नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘एटियास’ नावाची परवानगी मात्र ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपला तिच्याशी संबंध नाही.

जाता जाता सामानाबद्दल, कारण बाळंतपणाला निघालेल्या आजीची बॅग हा स्वतंत्र विषय आहे. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. त्यामुळे साजूक तूप, खवा आणि पेढे घरीच राहिले. ताजी फळे व पालेभाज्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, मात्र नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे. आमच्या बॅगेत अळीव, डिंक आणि दोन नारळ गेले. अळिवाचे लाडू तिथल्या लोण्याचे तूप कढवून तिथेच वळले.

पत्नीच्या व्हिसाचे आता सहा-सात महिने उरले आहेत. तिच्या नव्या पासपोर्टसाठी अर्ज केला असून जुन्या पासपोर्टवरील शिक्क्यांच्या सर्व पानांच्या छायाप्रती काढून ठेवल्या आहेत, कारण पाच वर्षांच्या व्हिसासाठी अर्ज करताना त्या लागतील. नातवाचा पहिला वाढदिवस ऑक्टोबरात आहे आणि तोवर तिचा व्हिसा संपलेला असेल. टेबलावर या वर्षीचे कालनिर्णय पुन्हा पसरले आहे. या वेळी लाल पेन्सील तिच्या हातात आहे.