कार्बन फायबरवर धातू चढवायचा: स्पटरिंग की प्लेटिंग?

समजा, बेळगावजवळ मच्छेत नाहीतर उद्यमबागेत तुमची छोटी शेड आहे. कार्बन आणि ग्लास फायबरचे जॉब करता आणि गिऱ्हाईक विचारतं, "ड्रोनच्या इलेक्ट्रॉनिक्सची डबी आहे, आतून तांब्याचा थर मिळेल का?" मिळेल की! पण कुठल्या रस्त्याने, हे मशीन बघून ठरवू नका. त्या धातूने करायचं काय, ते आधी विचारा.

फक्त चकाकी किंवा परावर्तन हवं असेल तर 100 नॅनोमीटर ॲल्युमिनियम पुरे. रेडिओ लहरी अडवायच्या असतील तर सलग एक मायक्रॉन तांबंही कागदावर भरपूर आहे, कारण पातळ थर लहर शोषण्यापेक्षा परतवतो जास्त. प्रत्यक्षात शील्डिंग गळतं ते झाकणाच्या फटीतून, म्हणून जाडीवरून भांडण्याआधी गॅस्केट बघा. आकाशातल्या विजेपासून संरक्षण हा मात्र वेगळाच विषय. विमानांच्या चाचणीत 200 किलोअँपिअरचा झटका धरतात. त्यापुढे मायक्रॉनभर फिल्म वाफ होऊन जाते. तिथे तांब्याची जाळीच लॅमिनेटच्या (रेझिनने जोडलेल्या फायबरच्या थरांच्या) वरच्या थरात घालून क्युअर करतात, म्हणजे रेझिन कडक होऊ देतात. हत्तरगीच्या एसईझेडमुळे (विशेष आर्थिक क्षेत्रामुळे) विमानाच्या कामाची चौकशी आपल्याकडेही येते, तेव्हा "आमच्याकडे स्पटरिंग होतं" एवढ्यावर हो म्हणून बसू नका.

आता दोन मुख्य रस्ते. निर्वात चेंबरमध्ये धातू वाफेने बसवायचा, किंवा रसायनाच्या टाकीत बुडवून चढवायचा, म्हणजे प्लेटिंग.

चेंबरमध्ये पुन्हा दोन प्रकार. साध्या बाष्पीभवनात अणू येऊन नुसते टेकतात, त्यांची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास. स्पटरिंगमध्ये आयनांच्या माऱ्याने धातूच्या तुकड्यातून अणू उडवतात आणि त्यांची ऊर्जा काही इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, म्हणून पकड चांगली. त्यात आधी आर्गॉन प्लाझ्माने पृष्ठभाग घासून घेतला आणि तांब्याखाली 20-30 नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम दिलं, तर फिल्म बऱ्यापैकी धरते. अडचण आकाराची. सपाट पत्रा छान होतो, पण खोल डबीच्या आतल्या कोपऱ्यात थर विरळ पडतो आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तिथेच.

दुसरी अडचण आपल्या पावसाची. जून ते सप्टेंबर शेडमध्ये पडून असलेला जॉब हवेतला ओलावा पितो. चेंबरमध्ये गेल्यावर तो ओलावा सुटत राहतो, पंप चालूच, दाब काही उतरत नाही. जॉब आधी ओव्हनमध्ये वाळवायलाच हवा, तोही रेझिन मऊ पडण्याच्या तापमानाच्या खाली. खोलीच्या तापमानावर क्युअर केलेलं इपॉक्सी 60-70 अंशांना मऊ पडू लागतं. स्पटरिंगमध्येही जॉब तापतो, म्हणून थांबत थांबत चालवायला सांगा.

टाकीचं काम आकाराला भीत नाही. द्रव जिथे पोचतो तिथे थर बसतो, आत-बाहेर सारखा. पण लोखंडावर निकेल चढवणारा नेहमीचा प्लेटिंगवाला हे करू शकेलच असं नाही. कार्बन फायबर विजेला वाट देतं, पण त्याच्यावरची रेझिनची कातडी देत नाही, त्यामुळे थेट करंट लावला की उघड्या धाग्यांवर चट्टे पडतात आणि बाकी काळं राहतं. आधी पर्मँगनेटने रेझिन खरवडायचं, मग पॅलेडियमचं ॲक्टिव्हेशन (तांबं बसायला सुरुवात व्हावी म्हणून), मग विजेशिवायचं तांबं, मग हवं तर करंट लावून जाडी. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच: प्लॅस्टिकसाठी पॅलेडियमची टाकी आहे का?

विजेशिवायच्या निकेलचं नेहमीचं ॲसिड बाथ 85-90 अंशांवर चालतं. आपल्या साध्या इपॉक्सीला ते सोसत नाही. तांब्याचं बाथ त्यापेक्षा बरंच कोमट असतं, म्हणून थर तांब्याचाच सांगा.

टाकीचा खरा त्रास कडांना. कापलेल्या कडेतून आणि ड्रिलच्या भोकांतून द्रव धाग्यांच्या वाटेने आत शिरतो. आठवडाभराने कडेवर हिरवट ओशट डाग उमटतो, धुतला तरी पुन्हा येतो. बुडवण्याआधी प्रत्येक कड आणि भोक पातळ इपॉक्सीने बंद करणं हा उपाय कंटाळवाणा आहे खरा, पण चालतो.

धातूची निवड. उघड्या कार्बनला लागून ॲल्युमिनियम नको. ओलाव्यात दोघांची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. खानापूरच्या पावसात तर विचारूच नका. द्यायचंच असेल तर मध्ये ग्लास फायबरचा एक थर घाला.

जाड हवं म्हणून जाड करू नका. कार्बन लॅमिनेट तापल्यावर फारसं पसरत नाही, अंशामागे दशलक्षात दोन-तीन भाग; तांबं सतरा. थर जितका जाड तितकी सोलून निघण्याची ओढ मोठी. वितळलेल्या जस्ताचा फवारा मारून 100 मायक्रॉनचा थरही देता येतो, पण आधीच्या वाळूच्या माऱ्यात वरचे धागे तुटतात. डबीसाठी तो मी सुचवणार नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या नमुन्याला चांदी-तांब्याचा कंडक्टिव्ह रंग फवारा आणि गिऱ्हाइकाला डबी तपासू द्या. ऑर्डर पक्की झाली की खोल डबी टाकीत, सपाट पॅनल आणि अँटेनाचे रिफ्लेक्टर स्पटरिंगला. कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्यांनी मशीन विकत घ्यायचा विचार सोडावा. पातळ फिल्मचं काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जुनं आहे, तिथे किंवा बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चौकशी करावी. स्वतःची टाकी टाकायची म्हणाल तर प्रदूषण मंडळाची परवानगी आणि सांडपाण्याचा खर्च आधी मांडा.

दोन्हीकडे फिल्म सुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: जॉब साच्याला चिकटू नये म्हणून लावलेलं सिलिकॉनचं रिलीज. शक्य असेल तिथे त्या बाजूला पील-प्लाय (क्युअर झाल्यावर ओढून काढायचं कापड) लावा आणि तो चेंबर किंवा टाकीच्या आदल्या दिवशीच ओढा. जॉबबरोबर त्याच रेझिनची, त्याच दिवशी टाकलेली एक पट्टी पाठवायला सांगायचं राहिलं. परत आली की तिच्यावर ब्लेडने चौकटी पाडून टेप ओढा, एकदा लगेच आणि एकदा पट्टी गरम पाण्यातून काढल्यावर. पट्टी टिकली तरच डबीचं बिल द्या.