ब्लूज-रॉक ऐकायचं कुठे, छोटा क्लब की स्टेडियम?

माझं मत सरळ क्लबला. स्टेडियमात लाइट्स, स्क्रीन सगळं भारी, बसायला सीट पण मिळते, पण गिटारवाला मुंगीएवढा. क्लबमध्ये ट्यूब अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा, काचेच्या ट्यूबवाला अँप्लिफायर) समोरच असतो, तार ओढून सूर वर नेताना त्याची बोटं दिसतात आणि पब्लिक रंगलं की ड्रमरकडे नुसती मान हलवून बारा बारची (बारा मापांचा ब्लूजचा ठरलेला साचा) अजून एक फेरी घेतात, स्टेडियममध्ये बऱ्याचदा लाइट्सचं टायमिंग ठरलेलं, तिथे हे कुठलं जमायला! ब्लूज-रॉकचा नावाजलेला गिटारवादक स्टीव्ही रे वॉनपण अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या अँटोन्समध्ये (१९७५ ला सुरू झालेला क्लब) वाजवायचा. फक्त अँपच्या सरळ रेषेत उभं राहू नका, ट्रेबल (तीक्ष्ण, उंच आवाज) कानात घुसतो आणि गाणाऱ्याचा आवाजच दबतो, साउंडवाल्याच्या जवळ थांबा, इअरप्लग न्याच.