मेदेवीत काही महिने राहिल्यावर: रस्ता, वीज, मीठ आणि भाडेपट्टा

मेदेवी हे पश्चिम बालीतलं, जेंब्राना जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं गाव. सर्फिंगवाले डावीकडे फुटणाऱ्या लांब लाटेसाठी येतात, बाकीचे बसच्या खिडकीतून बघून पुढे जातात. आठ दिवसांच्या सहलीसाठी हे लिहिलेलं नाही. दोन-चार महिने राहायचं किंवा जागा भाडेपट्ट्यानं घ्यायची असा विचार असेल, तर उपयोग होईल.

आधी किनारा. पांढरी वाळू विसरा. इथे काळे, शेवाळलेले गोटे आहेत. ओहोटीला ते उघडे पडतात आणि अनवाणी पाय घसरतो, म्हणून रबरी तळाचे बूट लागतात. लाट भरतीच्या बाजूला, सकाळी वारा सुटायच्या आत चांगली असते. लहान मुलांना पोहायला नेण्याजोगा हा समुद्र नाही.

गावाचं भलंबुरं सगळं देनपसार–गिलिमानुक हमरस्त्यावर ठरतं. देनपसार ही बालीची राजधानी, गिलिमानुक हे पश्चिम टोकाचं फेरीचं बंदर. विमानतळापासून अंतर जेमतेम 75-80 किलोमीटर, पण अडीच-तीन तास धरा. जावाहून फेरीनं उतरलेले ट्रक याच दुपदरी रस्त्यानं येतात आणि वाटेतल्या ताबानान जिल्ह्यातल्या वळणांवर एक ट्रक बंद पडला की मागे रांग लागते. पहाटे पाचच्या सुमारास निघालं तर प्रवास सुसह्य होतो. घर बघायला मात्र रात्री जा. दिवसा शांत वाटणाऱ्या घरात रात्री दोन वाजता ट्रकच्या ब्रेकचा आवाज उशाशी येतो. रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत असलेलं घर थोडं महाग पडलं तरी तेच घ्यावं. मशीद आणि मंदिर दोन्ही जवळ असतात, तेव्हा पहाटेची अजान आणि सणाचा गामेलान, म्हणजे घंटा-झांजांचा वाद्यमेळ, गृहीत धरा.

स्कूटरशिवाय इथे पान हलत नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. मोठं रुग्णालय नगारा शहरात, साधारण 25 किलोमीटरवर. बालीत 2008 पासून रेबीज आहे आणि गल्लीत कुत्री भरपूर, म्हणून लस आधीच घेऊन यावं. कुत्रं चावलंच तर जखम पंधरा मिनिटं साबणानं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, म्हणजे ‘पुस्केसमास’.

वीज बहुतेक घरांत प्रीपेड. दुकानात पैसे दिले की वीस आकडी टोकन मिळतं, ते मीटरवर दाबायचं. 1300 आणि 2200 व्हीएच्या (व्होल्ट-अँपियर, म्हणजे एका वेळी किती भार चालेल त्याचं माप) जोडणीला युनिटचा दर 1,444.70 रुपिया, म्हणजे एक लाखाच्या टोकनात स्थानिक कर कापून 69 युनिटपेक्षा कमीच पदरात पडतं. शिल्लक संपत आली की मीटर पिपाणी वाजवतो आणि शेजाऱ्यांनाही कळतं. खरी अडचण जोडणीच्या क्षमतेची. 1300 व्हीएला 6 अँपियरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, असतो. एसी आणि भाताचा कुकर चालू असताना पाण्याचा पंप सुरू झाला की पंपाच्या सुरुवातीच्या झटक्यानं तो पडतो. घरमालकाकडून 2200 व्हीए करून घ्या आणि ते करारात लिहून घ्या.

स्वयंपाकाचा 3 किलोचा हिरवा सिलिंडर अनुदानाचा, गरीब कुटुंबांसाठी आहे, आपण 5.5 किंवा 12 किलोचा घ्यावा. पिण्याला 19 लिटरचा जार. बोअरचं पाणी किनाऱ्याजवळ मचूळ निघू शकतं, तेव्हा पावसाळ्यातल्या चवीवर जाऊ नका, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चाखा.

मिठाबद्दल भाडं ठरवताना कुणी बोलत नाही. गोट्यांवर आपटलेल्या लाटेचे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात. बिजागऱ्या, पंख्याचे स्क्रू, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी काही महिन्यांत गंजते. ते युनिट महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं धुवावं. लॅपटॉप झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह ठेवावा. नोव्हेंबर ते मार्च चामडं आणि पुस्तकं बुरशीनं भरतात. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको.

शाकाहार जमतो, पण विचारून. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि ताहू, म्हणजे टोफू, सगळीकडे आणि स्वस्त. खोबऱ्याची पालेभाजीसुद्धा मिळते, मात्र सांबलमध्ये ‘तेरासी’ ही कोळंबीची पेस्ट असते. ‘तान्पा तेरासी’ म्हणावं. मूग मिळतात, तूरडाळ गावात मिळत नाही. ‘तेपुंग तेरिगू’ म्हणजे मैदा, त्याच्या पोळ्या करायला जाऊ नये. आंबटपणाला बिलिंबी आहेच.

आता जागा. 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियन नागरिकाला. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन बाजूला खाजगी करार करायचा सल्ला दलाल हसत हसत देतात. त्याच कायद्याच्या कलम 26 नं असा व्यवहार रद्दबातल ठरतो आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. परदेशी माणसाला भाडेपट्टा हाच सोपा मार्ग. भाव ‘आरे’वर बोलतात, एक आरे म्हणजे 100 चौरस मीटर, आणि बहुधा सगळ्या वर्षांचे पैसे एकदम द्यावे लागतात. भाड्यावरचा 10 टक्के कर कोणी भरायचा हे करारात हवं, नाहीतर शेवटी तो आपल्याच गळ्यात येतो.

सही करण्याआधी नोटरीकडून मूळ प्रमाणपत्राची जमीन कार्यालयात पडताळणी करून घ्या. प्रमाणपत्रावरचा माणूस वारला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. एक भाऊ तिकडे जावात सुराबायाला असतो आणि तोच नंतर उगवतो. देवस्थानची जमीन आहे का, हे गावच्या प्रमुखाला विचारा. हिरव्या पट्ट्यातली भातशेती बांधकामाला चालत नाही. कडेनं जाणारा ‘सुबाक’चा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामाईक पाणीवाटप संस्थेचा, पाट बुजवता येत नाही, आणि आत येणारी गल्ली कोणाच्या मालकीची आहे हा प्रश्न तर सगळ्यात आधी.

‘टोल रोड येतोय, भाव दुप्पट होणार’ हे ऐकवलं जाईलच. गिलिमानुक–मेंगवी महामार्गाचं भूमिपूजन सप्टेंबर 2022 मध्ये इथेच, मेदेवी ज्या तालुक्यात येतं त्या पकुतातनला झालं आणि मग काम रखडलं. त्या आशेवर एक रुपियाही जास्त देऊ नये.

भारतीयांना आगमनानंतरचा व्हिसा 5 लाख रुपिया, 30 दिवस, एकदाच वाढतो. जास्त राहायचं तर निघण्याआधीच 60 दिवसांचा घ्या. जेंब्राना सिंगाराजाच्या इमिग्रेशन कार्यालयाखाली येतं, म्हणजे डोंगर ओलांडून उत्तर किनाऱ्याला जायचं. मुदत उलटली तर रोज 10 लाख रुपिया दंड. न्येपीच्या, म्हणजे बालीतल्या हिंदू नववर्षाच्या मौनाच्या, दिवशी विमानतळ आणि फेरी दोन्ही बंद, घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. त्या आठवड्यात व्हिसाची शेवटची तारीख येणार नाही, एवढं आधी कॅलेंडरात बघून ठेवा.