रायफलच्या सप्रेसरची झटपट जोडणी: कोणती घ्यावी, कोणती टाळावी

सप्रेसर म्हणजे रायफलच्या नळीच्या टोकाला बसवायचा, आवाज कमी करणारा डबा. तो घेणारा माणूस महिनाभर आवाज किती डेसिबलने उतरतो याची तुलना करतो आणि जोडणी मात्र दुकानदार देईल ती उचलतो. आमच्या मते क्रम उलटा हवा. सप्रेसर नळीवर कसा बसतो, प्रत्येक वेळी त्याच जागी बसतो का, आणि दोनशे गोळ्यांनंतर हाताने निघतो का, हे आधी ठरवा. डबा त्यानंतर निवडा.

अमेरिकेत सध्या या प्रश्नाला जोर आला आहे, कारण 1934 पासून चालत आलेला 200 डॉलरचा कर 1 जानेवारी 2026 पासून सप्रेसरसाठी शून्य झाला. नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो हे सगळं मात्र कायम आहे. 42 राज्यांत सामान्य नागरिकाला सप्रेसर बाळगता येतो. मराठी वस्ती दाट असलेल्या न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात येत नाही, टेक्सासात येतो. वर्क व्हिसावर असलेल्यांनी आधी वकिलाला विचारावं. केंद्रीय कायदा त्यांना बंदूक आणि सप्रेसर दोन्ही बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई करतो. वैध शिकार परवान्यासारखे अपवाद मोजके आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही.

आता मूळ मुद्दा. सगळ्यात साधी जोडणी म्हणजे सप्रेसर थेट नळीच्या आट्यांवर फिरवणं. 5.56 मिमी कॅलिबरच्या (म्हणजे गोळीच्या मापाच्या) रायफलला बहुधा अर्धा इंच व्यास आणि इंचाला 28 आटे असतात, .308 कॅलिबरच्या रायफलला पाच अष्टमांश इंच आणि 24 आटे. एकच बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने खटका ओढायची) रायफल असेल, शिकारीला दिवसात तीन-चार गोळ्या झाडायच्या असतील, तर यापलीकडे काही घेऊ नका. वजन कमी, लांबी कमी, नेम बदलण्याची शक्यताही कमी. दोष एकच: गोळीबारात तो हळूहळू सैल होतो. दर काही गोळ्यांनी, जाड हातमोजा घालून, आवळून पाहायची सवय हवी.

एकच सप्रेसर दोन-तीन रायफलींवर फिरवायचा असेल तेव्हा झटपट जोडणी लागते. नळीच्या टोकावर एक ब्रेक (धक्का कमी करणारा छिद्रांचा तुकडा) किंवा फ्लॅश हायडर (ज्वाळा झाकणारा तुकडा) कायमचा बसवायचा आणि सप्रेसर त्याच्यावर चढवायचा.

शुअरफायर कंपनीच्या सॉकॉम पद्धतीत सप्रेसर सरळ ढकलायचा आणि मागची कॉलर, म्हणजे कडी, फिरवायची. ती टकटक करत दात्यांवर अडकते. खाचेमुळे सप्रेसर दरवेळी त्याच कोनात बसतो. त्यामुळे सप्रेसर लावल्यावर गोळी जिथे सरकते, तिथेच पुन्हा सरकते, आणि ही गोष्ट फार मोलाची आहे. वेगात हिला तोड नाही. पण फिरकी नाही, म्हणजे काढताना पिळून सोडवायला जोर मिळत नाही. ब्रेक आणि सप्रेसर यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत काजळी साचते, थंड झाल्यावर दगडासारखी होते आणि डबा जागचा हलत नाही. तो कोमट असतानाच काढा. अडकलाच तर फटीत पाझरतं तेल सोडून रात्रभर ठेवा, मग रबरी हातोडीने हलके ठोके द्या. सप्रेसरच्या नळकांड्यावर पाना लावू नका. ते दबलं तर आतले बॅफल, म्हणजे वायू अडवणाऱ्या चकत्या, वाकडे होतात.

डेड एअर कंपनीची कीमो जोडणी भक्कम आहे. फिरवून बसते, दात्यांची कॉलर तिला मागे सरकू देत नाही. तक्रार वजनाची. ते वजन नळीच्या अगदी टोकाला येतं आणि उभं राहून नेम धरताना हाताला कळतं.

आमची पसंती टेपरला, म्हणजे निमुळत्या जोडणीला आहे. तंबोऱ्याची खुंटी खिळ्याशिवाय, स्क्रूशिवाय नुसत्या निमुळत्या आकारावर घट्ट राहते, तेच तत्त्व इथे आहे. क्यू कंपनीच्या चेरी बॉम्बमध्ये निमुळता भाग पुढे आणि आटे मागे आहेत. वायू पुढेच अडतो, आट्यांपर्यंत काजळी पोचत नाही. रिअर्डन या दुसऱ्या कंपनीचे ब्रेक त्याच मापाचे असल्याने एका कंपनीचा माल संपला तर दुसरीचा चालतो. कॉलर नाही, स्प्रिंग नाही, बिघडायला काही नाही.

खोड एक आहे, आणि ती गंभीर आहे. चेरी बॉम्बचे आटे उजवे, नळीचेही उजवे. सप्रेसर घट्ट बसला की काढताना तो ब्रेकसकट निघून येतो. डेड एअरच्या झीनो या टेपर जोडणीने यावर सरळ उपाय केला: आटे डावे ठेवले. सप्रेसर सोडवताना ब्रेक उलट जास्त आवळला जातो. नवी सुरुवात करणाऱ्याने झीनोचा विचार आधी करावा.

उजव्या आट्यांची जोडणी असेल तर बसवणं काळजीने करा. नळीचे आटे आणि ब्रेकची आतली बाजू अ‍ॅसिटोनने कोरडी करा. आट्यांवर रॉकसेट या उष्णतेला टिकणाऱ्या चिकट द्रवाचे दोन-तीन थेंब टाका आणि उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळा. बहुतेकांचा आकडा 20 ते 30 फूट-पाउंडांच्या आसपास असतो. 24 तास हात लावू नका. आटे पक्के करायला नेहमी वापरतात ते लॉकटाइट इथे उपयोगाचं नाही, उष्णतेने ते मऊ पडतं. रॉकसेटचं उलट आहे: आगीला दाद देत नाही, पाण्यात भिजवल्यावर सुटतं. ब्रेकची छिद्रं आडवी यायला हवी असतील तर शिम, म्हणजे पातळ सपाट चकत्या, वापरा. रायफलसोबत आलेला क्रश वॉशर (आवळताना चेपणारी चकती) फेकून द्या. तो दबताना एकसारखा दबत नाही, ब्रेक तिरका बसतो आणि गोळी बॅफलला घासते.

सप्रेसर विकत घेताना मागच्या बाजूला 1.375 इंच, इंचाला 24 आट्यांचं हब नावाचं प्रमाणित माप आहे ना, हे बघून घ्या. ते असेल तर उद्या जोडणी बदलता येते: जुना अ‍ॅडॉप्टर काढायचा, नवा लावायचा. कंपनीच्या खास मापाचा डबा घेतला तर कंपनीचेच ब्रेक, शंभर-दीडशे डॉलरला एक, प्रत्येक रायफलसाठी वेगळा.

आणखी एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. अर्धा इंच-28 हे आटे 9 मिमीच्या कार्बाइनलाही (आखूड रायफललाही) असतात. 5.56 चा सप्रेसर तिच्यावर आरामात चढतो. पहिल्या गोळीला डबा फुटतो. आटे जुळले म्हणजे भोक जुळलं असं नाही.

म्हणून जोडणी कोणतीही असो, पहिल्या गोळीआधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळीतून कॅलिबरच्या मापाची सरळ सळई घाला आणि समोरून पाहा. सळईभोवतीची फट चारही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला चिकटलेली दिसली तर झाडू नका. ब्रेक काढा, नळीच्या आट्यांमागच्या खांद्यावरचा मळ पुसा, पुन्हा बसवा आणि सळई पुन्हा घाला.