गिटच्या फोर्कमध्ये सीआय_ब्रँचेस: आठ महिने वापरल्यानंतर

लॅपटॉप बदलायचा होता, म्हणून एका रविवारी रात्री गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) माझ्या फोर्कमध्ये, म्हणजे गिटहबवरच्या माझ्या स्वतःच्या प्रतीत, सगळ्या ब्रँच (कामाचे वेगवेगळे फाटे) एकदम पुश केल्या, म्हणजे वर चढवल्या. चौदा होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त अर्धवट सोडलेले प्रयोग, काही तर बिल्डही होत नव्हत्या. बॅकअप राहावा, एवढाच हेतू. दोन तासांनी पाहिलं तर मेलबॉक्समध्ये रन (आपोआप होणारी चाचण्यांची फेरी, म्हणजेच सीआय) पडल्याचे नऊ मेल, आणि ज्या एका ब्रँचचा निकाल मला खरंच हवा होता, ती अजून रांगेतच.

असं का होतं, ते फोर्कवर काम करणाऱ्यांना माहीत आहेच. नव्या फोर्कमध्ये वर्कफ्लो, म्हणजे पुश झाल्यावर काय काय धावायचं हे सांगणाऱ्या फाइली, बंद असतात. ॲक्शन्सच्या (गिटहबची हे वर्कफ्लो चालवणारी सोय) टॅबमध्ये जाऊन आपण ते चालू केले की गिटच्या फाइलप्रमाणे कुठलीही ब्रँच पुश झाली की सगळा संच धावतो. लिनक्सचे बरेच प्रकार, मॅक, मेमरी लीकची तपासणी, स्टॅटिक ॲनालिसिस, डॉक्युमेंटेशन, आणि विंडोजच्या चाचण्या तर दहा तुकड्यांत. फुकटच्या खात्यावर एका वेळी २० जॉब (संचातलं एकेक काम) चालतात, त्यात मॅकचे फार तर ५. चौदा ब्रँच म्हटल्यावर रांग लागणारच.

पब्लिक फोर्कला या मशिनींचे पैसे पडत नाहीत, हे मला मान्य आहे. पण फुकट आहे म्हणून नळ उघडा ठेवायचा, हे माझ्या हातून होत नाही. जी ब्रँच पडणार हे मला आधीच ठाऊक आहे, तिच्यासाठी कुठेतरी पन्नासेक जॉब उठून बसावेत, हे मनाला लागतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे त्या मेलांची सवय होते. नऊ खोट्या धोक्यांत दहावा खरा असला तरी डोळा तिथे थांबत नाही.

त्याच रात्री सीआय_ब्रँचेस (CI_BRANCHES) लावलं. फोर्कच्या सेटिंगमध्ये, ॲक्शन्सच्या व्हेरिएबलमध्ये (नाव आणि त्याचं मूल्य साठवायची जागा) हे नाव टाकायचं आणि ज्या ब्रँचवर चाचण्या हव्यात त्यांची नावं मध्ये जागा सोडून लिहायची. रिकामं ठेवलं तर पूर्वीसारखं सगळं धावतं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ही निवड कोडच्या बाहेर राहते. नाहीतर मार्ग काय होता? वर्कफ्लोची फाइल आपल्या ब्रँचमध्ये बदलायची. मग तो बदल प्रत्येक ब्रँचमध्ये घेऊन फिरायचा आणि पॅच (मूळ प्रकल्पाला द्यायचा बदल) पाठवताना काढायला विसरायचं नाही. फोर्क माझा, तर त्यात काय धावावं हे ठरवायची जागाही माझ्याकडेच हवी, आणि मूळ प्रकल्पाला त्याची झळ लागू नये. २०२० मध्ये गिटने यासाठी वेगळी सोय केली होती. सीआय-कॉन्फिग नावाची ब्रँच ठेवायची, तिच्यात एक छोटी शेल स्क्रिप्ट, आणि ती हो किंवा नाही सांगणार. चालायचं छान, पण नाही म्हणायलासुद्धा एक मशीन उठवावं लागे, रिपॉझिटरी क्लोन करावी लागे, म्हणजे कोडची प्रत उतरवून घ्यावी लागे. २०२३ मध्ये गिटहबवर व्हेरिएबलची सोय आली आणि त्याच वर्षी गिटने ही निवड तिकडे नेली. आता नको असलेल्या ब्रँचसाठी मशीन उठतच नाही. रन राखाडी खुणेने वगळलेला दिसतो आणि मेल येत नाही.

पहिले तीन आठवडे मी सगळ्यांना हेच सांगत होतो की हे लावा. तेव्हा पाचपैकी पाच दिले असते.

मग रिबेस नावाची माझी एक जुनी ब्रँच धावायला लागली. यादीत ती नव्हती. यादीत होती रिबेस-फिक्स. सेटिंगमध्ये तीनदा जाऊन पाहिलं, नावं बरोबर होती. शेवटी वर्कफ्लोची फाइल उघडली. तिथे अट आहे ती ‘कंटेन्स’ची: व्हेरिएबलच्या मजकुरात ब्रँचचं नाव सापडतं का? आणि मजकुरावर वापरलं की कंटेन्स पूर्ण शब्द बघत नाही, अक्षरांचा तुकडा बघतो. रिबेस-फिक्समध्ये रिबेस सापडतो, म्हणून रिबेस धावते. फिक्स नावाची ब्रँच असती तर तीही धावली असती. मी यावर दोन संध्याकाळी घालवल्या. ब्रँचची नावं बदलून बघितली, यादी उलटसुलट करून पाहिली. ज्यांच्या ब्रँचची नावं लांब आणि वेगळी आहेत, त्यांना हे कधी जाणवणारही नाही. पण यादी म्हटल्यावर माणूस पूर्ण नावंच गृहीत धरतो, आणि गिटसारख्या काटेकोर प्रकल्पात ही ढिलाई मला अजूनही बोचते. जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या’ असं सांगता यायचं, तेही इथे नाही.

खरा फटका मात्र उलट बाजूने बसला. रिबेस-फिक्स-२ काढली आणि यादीत टाकायची राहिली. पुश केली, मेल आला नाही, मी समजलो पास झालं. पॅच पाठवला. तो बाकीच्यांच्या कामासोबत तपासणीच्या ब्रँचमध्ये गेला आणि विंडोजवर पडला. माझ्या चाचणीत मी एक फाइल बनवत होतो, तिच्या नावात अपूर्णविराम (:) होता, वेळ लिहिताना तास आणि मिनिटांमध्ये येतो तसा. लिनक्सवर ते चालतं, विंडोजवर तसं नाव ठेवताच येत नाही. दहा तुकड्यांपैकी एकाने हे पहिल्याच फेरीत दाखवलं असतं. दुसऱ्या कोणाला तरी माझी चूक शोधत बसावं लागलं, याचं वाईट वाटलं. त्या दिवशी मी व्हेरिएबल पुसून टाकलं आणि पाचवरून दोनवर आलो.

आठवडाभर सगळं धावू दिलं. पुन्हा तेच मेल. मग जुन्या स्क्रिप्टचा नमुना वाचताना त्यात फॉर-सीआय हे नाव दिसलं: एखाद्या वेळची चाचणी हवी असेल तर या नावाने पुश करा. तिथून माझी पद्धत बदलली. आता व्हेरिएबलमध्ये तेवढं एकच नाव आहे. कुठल्याही ब्रँचवर असलो तरी चाचणी हवी तेव्हा हेड (त्या ब्रँचचा ताजा कमिट) सरळ फॉर-सीआयवर फोर्स-पुश करतो, म्हणजे तिथलं जुनं बाजूला सारून हे टाकतो. यादी सांभाळायची नाही, नवी ब्रँच राहून जायची नाही. बाकीच्या ब्रँच बिनधास्त बॅकअपला जातात. तुकड्याने नाव जुळायची भानगडही जवळजवळ संपली, कारण फॉर किंवा सीआय नावाची ब्रँच मी काही काढत नाही. पाठवण्याआधी मात्र फॉर-सीआयवरच्या रनची हिरवी खूण डोळ्यांनी बघतो. मेल आला नाही म्हणजे पास, हा हिशेब सोडला.

याच काळात एक सुखद धक्का बसला. कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) संदेश सुधारून पुन्हा पुश केलं तर रन मिनिटभरात संपला. तोच कमिट किंवा तोच ट्री (सगळ्या फाइलींची तीच स्थिती) आधी पास झाला असेल तर गिटचा वर्कफ्लो बाकीचं वगळतो. संदेश बदलला की कमिटचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) बदलतो, पण ट्री तोच राहतो. पॅच पाठवताना संदेश मी पाच-सहा वेळा घासतो, त्यामुळे हे फारच उपयोगी पडलं. कोणीतरी आमच्यासारख्यांचा विचार करून हे बसवलंय, हे जाणवलं.

एक तक्रार उरलीच. निवड ब्रँचची आहे, चाचण्यांची नाही. नुसतं विंडोज बघायचं असेल तरी सगळा संच उठतो. मी फॉर-सीआयवर पाठवण्याआधी वर एक टाकाऊ कमिट चढवतो. त्यात वर्कफ्लोच्या फाइलमधले बाकीचे जॉब काढलेले असतात. काम झालं की तो कमिट तिथेच सोडतो, मूळ ब्रँचला तो कधीच लागत नाही. जॉबची निवडही अशीच एखाद्या व्हेरिएबलने झाली तर मी आनंदाने पाच देईन.

आज चार. गेल्या महिन्यात रन पडल्याचे दोनच मेल आले, आणि दोन्ही उघडून वाचले.