नळीवर आटे पाडून देतो म्हणणाऱ्याने २६५ डॉलरला गंडवलं

अमेरिकेत आपल्यातले बरेच जण आता नेमबाजीच्या रेंजवर जातात, हरणाच्या सीझनला परवाना काढतात, म्हणून हे लिहितोय. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवून धक्का कमी करणारा तुकडा) बसवायला रायफलीच्या नळीवर आटे पाडून घेणार असाल तर आधी हे वाचा. लिहिताना लाज वाटतेय, पण मी गप्प बसलो तर तो पुढच्यालाही असाच लुबाडणार.

रायफल .३०८ ची, बोल्ट ॲक्शन, नळी २४ इंची. खांद्याच्या ऑपरेशननंतर तिचा धक्का सोसेना, म्हणून ११९ डॉलरचा ब्रेक घेतला. .३० कॅलिबरच्या नळीला बहुतेक ५/८-२४ चे (५/८ इंच व्यास, इंचाला २४) आटे लागतात. रेंजवरच्या ओळखीतून या माणसाचं नाव कळलं. त्याचा हिशेब असा: लेथवर आटे पाडायचे १६५, नळीच्या तोंडाचं क्राउन (गोळी बाहेर पडते ती कड) नव्याने कापायचे ४०, चाचणीचे पाच बार ३५, आटे झाकायची टोपी २५. एकूण २६५ डॉलर, सगळे आगाऊ आणि बँकेच्या ॲपमधून थेट. कार्ड घेत नाही, त्यात टक्केवारी कापली जाते, म्हणाला. छोट्या धंद्यात हे सर्रास चालतं, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भिंतीवर फ्रेममध्ये शिक्क्याचा परवाना लावलेला होता. तो गनस्मिथचा, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचा, नव्हता, काउंटीने कुठल्याही दुकानाला द्यायचा साधा व्यवसाय परवाना होता, हे मला फार नंतर कळलं. काउंटरपलीकडच्या फ्रेममधला बारीक मजकूर कोण वाचत बसतं?

दुसऱ्याच दिवशी फोन आला, रायफल तयार आहे. चांगल्या गनस्मिथकडे आठवडेच्या आठवडे रांग असते. पण 'एक काम रद्द झालं, तुमचं मधे घातलं' हे कुणालाही पटेल असंच होतं.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. रायफल हातात देताना त्याने पाच भोकांचा कागद दाखवला. शंभर यार्डांवर पाचही एका इंचात. ब्रेक बसवलेलाच होता. मी तो हातात धरून फिरवून पाहिला, त्याच्या खिडक्यांतून (वायू बाहेर पडायच्या खाचांतून) बोट फिरवलं. बोट स्वच्छ. काजळीचा ठिपका नाही, खिडक्यांच्या कडा डब्यातून काढल्यासारख्या चकचकीत. ज्याने एकदा तरी ब्रेक लावून बार काढलाय त्याला माहीत असतं, पहिल्या दोन-तीन गोळ्यांतच आतला भाग काळा पडतो आणि ते काळं सहजी निघत नाही. पाच बार झालेला ब्रेक असा दिसूच शकत नाही. चाचणी झालीच नव्हती, कागद दुसऱ्याच कुठल्या रायफलीचा होता. पुरावा माझ्या बोटाखाली होता! पण ब्रेक मी पहिल्यांदाच वापरत होतो. जे कधी काळं झालेलं पाहिलं नाही, ते काळं नाही म्हणून शंका कशी यावी? तो समोर उभा राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, ते मात्र आता नीट आठवतंय.

रेंजवर गोळ्या वाटेल तिथे जायला लागल्या. आधी हीच रायफल इंचाच्या आसपास मारायची. थांबून ब्रेक पाहिला तर पुढच्या भोकाच्या एका कडेला तांब्याचा चकचकीत ओरखडा. गोळी ब्रेकला घासून जात होती. नशीब की तुकडा उडून शेजारच्या बाकावरच्या कुणाला लागला नाही.

दुसऱ्या, परवानाधारक गनस्मिथने नळीत सरळ सळई घालून दाखवली, ती ब्रेकच्या भोकाच्या कडेला टेकत होती. नळी बाहेरून गोल असली तरी आतलं भोक बरोबर मध्यात असेलच असं नाही. म्हणून लेथवर डायल लावून आतल्या भोकाला धरून नळी सेंटर करतात आणि मग आटे पाडतात. माझ्या नळीवर हाताने डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवली होती. आटे तिरके, ब्रेक टेकतो तो खांदाही वाकडा, आणि ४० डॉलर घेतलेलं क्राउन जुनंच, वर डायची कुस तशीच. नळीचं खराब टोक कापून सगळं नव्याने करायला २१० डॉलर लागले. (नळी १६ इंचांच्या खाली गेली तर केंद्राच्या कायद्यात वेगळंच प्रकरण होतं. माझी बरीच लांब होती म्हणून निभावलं.) ब्रेक भंगारात गेला. टोपी तर आलीच नाही. २६५, ११९ आणि २१० मिळून ५९४ डॉलर.

पोलिसांकडे गेलो. अधिकारी म्हणाला, रायफल तुम्ही स्वतः दिलीत आणि ती परत मिळाली, मग गुन्हा कुठला? हा दिवाणी वाद आहे. मी तिरके आटे दाखवले, खोटा कागद दाखवला. त्याने कागद हातातही घेतला नाही. परवाना नसलेला माणूस लोकांच्या बंदुका रात्रभर ठेवून घेतोय, याची तरी नोंद घ्या म्हटलं, तर ते आमचं काम नाही. ग्राहक तक्रारीच्या सरकारी कार्यालयाने त्याला पत्र पाठवलं, त्याने उत्तर दिलं नाही, आणि उत्तर नाही म्हणून त्यांनी माझीच फाइल बंद केली! चोराने गप्प बसलं की प्रकरण मिटतं, असा हा कारभार. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. छोट्या दाव्यांच्या कोर्टात कारकुनाने विचारलं, प्रतिवादीचं कायदेशीर नाव काय? पाटीवरच्या नावाने धंद्याची नोंदणीच नाही. मग ते नाव शोधायचं कुणी, ज्याचे पैसे बुडाले त्यानेच? कर भरायला मी सापडतो, आणि हा रोज शटर उघडून बसलेला माणूस कुणालाच सापडत नाही.

गनस्मिथचा धंदा करायला केंद्राचा एफएफएल (बंदुकांच्या धंद्याचा) परवाना लागतोच. नंबर मागा. एटीएफ या बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याच्या 'एफएफएल ईझेड चेक' या ऑनलाइन सोयीत नंबरचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले की नाव, पत्ता आणि मुदत दिसते. नंबर द्यायला का-कू केली तर रायफल गाडीतून काढूच नका. बंदूक रात्रभर ठेवून घ्यायची तर त्याने ती वहीत सिरियल नंबरसकट नोंदवायला हवी. माझ्यासमोर वही निघालीच नव्हती.

पैसे क्रेडिट कार्डनेच द्या, वरचे टक्के भरावे लागले तरी. त्यावर स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. आटे कशावर पाडणार, भोकाला धरून की बाहेरच्या अंगाला, हे सरळ विचारा. जाणकार माणूस यावर हौसेने बोलतो, याने विषय बदलला होता. रायफल परत घेताना सळई घालून दाखवायला लावा, आणि तोवर एकही बार काढू नका. सेमी-ऑटो असेल तर काही राज्यांत आटे पाडलेली नळीच कायद्यात अडकते, ते आधी बघा.

ज्यांची रायफल या घडीला अशा बिनपरवाना माणसाकडे पडून आहे त्यांनी ती आजच परत आणा, काम अर्धवट असलं तरी. आणि ज्यांना असाच स्वच्छ ब्रेक आणि पाच भोकांचा कागद मिळालाय, त्यांनी कागद फेकू नका. आधी सळई घालून ब्रेक सरळ असल्याची खात्री करा, ती झाली तरच त्याच रायफलीने, त्याच अंतरावर दुसरा कागद काढून तारखेसह दोन्हींचे फोटो ठेवा, कोर्टात मीही तेच लावणार आहे.